ह्यांची स्कूटर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हा त्यालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर तो ते स्वतःजवळच ठेवतोय, एवढंच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गल्लीत गाडी लावत नाही. लावत नाही ना?

गल्ली कोथरूडमधली. सोसायटी जुनी, बारा बिऱ्हाडांची. ती बांधली तेव्हा प्रत्येक घरात दोन-दोन सायकली होत्या, त्यामुळे मोटारींसाठी जागा ठेवली ती चारच. आता सायकल एकाकडेही नाही आणि मोटारी मात्र घरटी एक. जागा कोणाच्या नावावर नाहीत — जो आधी येईल तो लावेल, असा नियम. त्यात समोर क्लास. संध्याकाळी मुलांना सोडायला आलेले आईबाप आमच्या गेटसमोर गाडी आडवी टाकतात आणि विचारलं की म्हणतात, दोनच मिनिटं. ह्या दोन मिनिटांत माझा कुकर होतो, कोशिंबीर होते आणि गाडी तिथेच असते. एकजण तर मागे घेताना गाणं वाजणारी गाडी आणायचा. अर्धं गाणं वाजवून थांबायचा, म्हणजे उरलेलं अर्धं दिवसभर आपल्या डोक्यात.

खरं सांगू? मला ह्या भांडणांचा त्रास होतो असं मी सगळ्यांना सांगते, पण तो तेवढासा होत नाही. एखाद्याला गेटवर नीट ऐकवून आले की मला चहा गोड लागतो. पण ही काही माझी कबुली नव्हे. हे सगळ्यांना माहीत आहे.

कबुली वेगळीच आहे. येते तिच्यावर. जरा दम धरा.

माझी मुलगी लग्न होऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहते, तिकडच्या नव्या इमारतींमध्ये. रविवारी गाडी घेऊन येते. म्हणजे यायला निघते — पोचणं आमच्या गल्लीच्या मर्जीवर. हे जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी अळूवड्या तळून वाट बघत होते. ती आली, गल्लीला तीन-चार फेऱ्या मारल्या, पार मागच्या रस्त्यापर्यंत जाऊन आली, आणि शेवटी खालून फोन केला. आई, जागाच नाही गं, पुढच्या रविवारी येते. मी डबा घेऊन खाली धावले, खिडकीतून तिच्या हातात दिला, मागच्याने हॉर्न मारला आणि ती गेली. वर येऊन मी उरलेल्या अळूवड्या बघत बसले. रडलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखालची स्कूटर ओढून बाहेर काढली. किती वर्षं तिथे पडून होती — टायर बसलेले, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. ती नेऊन मी दाराजवळच्या सगळ्यात सावलीच्या, सगळ्यात सोयीच्या जागेत अशी तिरकी उभी केली की शेजारी मोटार शिरूच नये. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात, तशी मी स्कूटर टाकून जागा धरली. रविवारी मुलगी आली की स्कूटर भिंतीला सारायची, सोमवारी परत आडवी.

हे पुरेसं वाईट आहे, नाही का? पण थांबा, अजून आहे.

आमच्या समोरच्या दारात तांबोळी सर राहतात. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले. कर्कटकाचं टोक जिभेला लावून घेतलेला माणूस. गेटसमोर गाडी लावून निघालेल्या एका गृहस्थांना त्यांनी हात जोडून म्हटलं होतं, आपण गाडी फार सुंदर उभी केली आहे, आता फक्त आमचं गेट कुठे हलवू तेवढं सांगून जा. त्या गृहस्थांनी गाडी काढली आणि जाताना माफीही मागितली. असे सर. आणि त्यांच्या पत्नी रजियाताई — माझी मैत्रीण. वाटीभर काहीतरी घेऊन आल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नाही, अशा.

तर गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. सरांनीच विषय काढला, की बंद पडलेल्या गाड्या हलवाव्यात, जागा मोकळी करावी. आणि नाव न घेता म्हणाले, "जिला चाकं आहेत पण जी चालत नाही, तिला गाडी म्हणत नाहीत, फर्निचर म्हणतात."

सगळे हसले. पलीकडच्या विंगमधली ती परवा-परवा राहायला आलेली मुलगीसुद्धा हसली. माझे कान तापले. मी — जी सगळ्या गल्लीला ऐकवते — मला कोणी ऐकवलं होतं, आणि तेही चांगलं ऐकवलं होतं. बरोबरही होतं. मग काय केलं मी?

मी पदर डोळ्यांना लावला. म्हटलं, "ह्यांचा जीव होता हो त्या स्कूटरवर. ती खाली दिसली की हे घरात आहेत असं वाटतं मला."

गच्ची अशी शांत झाली की शेजारच्या इमारतीतल्या टीव्हीवरची मालिका ऐकू यायला लागली. सर उठून उभे राहिले. म्हणाले, वहिनी, माझं चुकलं, शब्द मागे घेतो. त्यांना शब्द मागे घेताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आता ऐका. ह्यांचा त्या स्कूटरवर काडीचा जीव नव्हता. ती मुळात ह्यांची नव्हतीच — बदली होऊन जाणाऱ्या एका सहकाऱ्याने ती ह्यांच्या गळ्यात मारली होती. ह्यांनी ती दोनदा चालवली. दुसऱ्यांदा किकने असा उलटा फटका दिला की नडगीला टाके पडले. त्यानंतर जन्मभर बसने हिंडले आणि तिला नाव ठेवलं, अवदसा. शेवटच्या आजारपणातसुद्धा मी उशाशी बसले की विचारायचे, "गेली का ती अवदसा?" मी म्हणायचे, देते उद्या भंगारवाल्याला. ह्यांची इच्छा होती ती एवढीच, आणि मी ती पाळली नाही. उलट त्याच अवदसेला ह्यांचं स्मारक करून ठेवलं.

आणि आता खरी गोष्ट. इथपर्यंत मी हसत सांगत आले, पण हे हसत सांगता येत नाही. सरांना ती जागा कशाला हवी होती? रजियाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दारापासून गाडीपर्यंत चार पावलांत जाता यावं, म्हणून. हे मला माहीत नव्हतं का? डॉक्टर मी सुचवले होते! त्यांच्याबरोबर पहिल्यांदा दवाखान्यात मीच गेले होते. सगळं माहीत असताना मी पदर डोळ्यांना लावला. त्या मीटिंगनंतर सर आपली गाडी गल्लीच्या टोकाला लावायला लागले, उन्हात, आणि ऑपरेशन होऊन आलेल्या रजियाताई काठी टेकत टोकापर्यंत जायला लागल्या. मी गॅलरीतून बघायचे. त्या वर बघून हात करायच्या. मीही करायचे.

एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावं लागतं. कधी दिवाळीला मी म्हटलं, हे रोज संध्याकाळी फडक्याने पुसायचे तिला. कोणी विचारलं की मग चालवत का नसत? तर म्हटलं, जपायचे म्हणून. सगळ्यांना पटलं! ह्यांचा स्वभाव अबोल, त्यामुळे ह्यांच्या नावावर काहीही खपायचं. दसऱ्याला सर मार्केट यार्डातून झेंडू घेऊन आले. सगळ्या सोसायटीच्या गाड्यांना हार घातले आणि पहिला, सगळ्यात जाड हार — अवदसेला. रजियाताईंनी तिच्यापुढे नारळ वाढवायला माझ्या हातात दिला. मी तो आपटला, तर एका फटक्यात दोन शकलं झाली. सगळे म्हणाले, बघा, शुभ. मला आतून इतकं हसू येत होतं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी बघून आणखी दोघीतिघींचे डोळे भरले. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं?

मी बहिणीकडे सांगलीला जाऊन आठवडाभराने परतले, तर जागेवर स्कूटर नव्हती. मी बॅग तिथेच टाकून जिन्याखाली बघून आले. दुःखाने नव्हे बरं — आता रविवारी काय, ह्या काळजीने! तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फटफट आवाज आला आणि सर अवदसेवर बसून आले. निळा रंग, नवी सीट, चकचकीत आरसे. सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून ती दुरुस्त करून घेतली होती. सरांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. काही बोलले नाहीत. बोलणारा माणूस बोलत नाही तेव्हा फार अवघड होतं. मी रडले, आणि ह्या खेपेस पदर मुद्दाम लावावा लागला नाही.

कागदपत्रांसाठी मग आर.टी.ओ.त खेटे घातले, सरांनी, मला बरोबर घेऊन. तिथल्या माणसाने विचारलं, एवढ्या जुन्या गाडीमागे कशाला लागता? तर सर टेबलावर हात ठेवून त्याला सांगायला लागले, ह्यांचं प्रेम, संध्याकाळचं फडकं, सगळं. माझं खोटं दुसऱ्याच्या तोंडून किती खरं वाटतं, ते मी शेजारी बसून ऐकलं. मान डोलावली. त्या माणसाने मला पाणी आणून दिलं.

आणि मग मी ती चालवायला शिकले. हो, ह्या वयात! कॉलेजात असताना लूना चालवत होते, तेवढ्या भांडवलावर. सर मागे मागे चालत "क्लच, वहिनी, क्लच" करायचे आणि रजियाताई कठड्याला टेकून टाळ्या वाजवायच्या. पहिल्यांदा एकटी टेकडीच्या रस्त्याने गेले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने गायले. हेल्मेटमध्ये आपला आवाज फार चांगला येतो. आता मी मंडईत स्कूटरने जाते, बँकेत जाते, कधी काहीच काम नसताना जाते. ज्या गाडीने ह्यांची नडगी फोडली, ती माझ्याशी मात्र नीट वागते. गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी खूश नव्हते. हा आनंद मला मिळाला तो एका खोट्यातून, आणि तो खरा आहे. लाज वाटते ना? वाटते. आणि मजाही वाटते. दोन्ही एकदम वाटतात, त्याला मी काय करू?

एकदा मी प्रयत्न केला. सरांना म्हटलं, आता स्कूटर कुठेही उभी राहील, ती जागा तुम्ही घ्या, रजियाताईंना बरं पडेल. ते म्हणाले, "वहिनी, आमची गाडी कुठेही राहील. ती जागा त्यांची आहे." पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सर, ते खोटं होतं. चार शब्द. मी म्हटलं, चहा घेणार?

हा गेला रविवार. मुलगी यायची होती, मी स्कूटर घेऊन मटार आणायला गेले होते. क्लासची कसलीशी परीक्षा होती, गल्ली दोन्ही बाजूंनी भरलेली. परतताना माझं सगळं लक्ष जागेवर — गेली असणार, आता नक्की गेली असणार. गेटमधून आत वळले, तर जागेत मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून रजियाताई बसलेल्या. काठी मांडीवर आडवी. समोर एक भलीमोठी पांढरी मोटार, आणि तिचा मालक काच खाली करून सांगत होता की दोनच मिनिटं, ताई, दोनच मिनिटं.

रजियाताई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "ही जागा मोकळी दिसते तुम्हाला? इथे आमच्या साहेबांची स्कूटर असते. साहेब गेले, जागा आहे."

त्या माणसाने गाडी मागे घेतली.

मला बघून त्या हसल्या. खुर्चीला हात देऊन सावकाश उठल्या. म्हणाल्या, बरं झालं आलात, आम्हाला व्यायामाच्या बाईंकडे जायला उशीर होतोय, पण जागा सोडून जाववेना. सरांनी खुर्ची उचलून जिन्याखाली ठेवली. मग ती दोघं निघाली गल्लीच्या टोकाकडे, त्यांच्या गाडीकडे. त्या काठी टेकत, ते अर्धं पाऊल मागे. ऊन चांगलंच होतं.

मी स्कूटर जागेत नेऊन स्टँडला लावली. पिशवीतून फोन काढला आणि मुलीला म्हटलं, ये, जागा आहे.