तिच्या तोंडचं ‘नाय’

घरी बसून लिहिणाऱ्या बाईला लोक काय समजतात, हे मला पनवेलच्या लाइन आळीतल्या आमच्या बिल्डिंगने नीट शिकवलं. कुरिअर आलं की माझ्याकडे, गॅसवाला आला की माझ्याकडे, शेजारच्यांची चावी माझ्याकडे. ‘तुम्ही काय, घरीच असता.’ कादंबऱ्या लिहीत असते तर थोडा दरारा तरी वाटला असता. पण मी लिहिते खऱ्या माणसांविषयी, त्यांच्या कामांविषयी. ‘म्हणजे माहितीचं पुस्तक का?’ असं विचारतात, आणि ‘माहिती’ हा शब्द असा उच्चारतात की जणू मी रेल्वेचं वेळापत्रक छापते.

मी रागीट आहे. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसत नाही. पण जी बाई दिवसभर दुसऱ्यांचं ऐकते आणि ते जसंच्या तसं कागदावर आणायचा प्रयत्न करते, तिला राग यावा अशा गोष्टी रोज घडतात. त्यातली एक सांगते.

दोन हजार दहाच्या आसपास मी मिठागरांवर काम केलेल्या बायकांविषयी लिहीत होते. पनवेल-उरणच्या खाडीकाठची मिठागरं तेव्हा एकेक करून बुजत होती. मुरूम पडायचा, मग कुंपण, मग कंटेनरचे ढीग. मी सकाळी स्टँडवरून उरणची एसटी धरायची, गव्हाणच्या पुढे उतरायची आणि एखाद्या ओसरीवर बसायची. दुपारी घरी येऊन जेवण झालं की रेकॉर्डर कानाशी लावून ऐकलेलं उतरवायला घ्यायची. शब्द न शब्द. एका वाक्यासाठी मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मान आखडायची. आणि एक नियम मी पहिल्या पुस्तकापासून पाळत आले होते: जिने सांगितलं तिला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही.

तिथल्या एका गावात एक म्हातारी होती. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाय. लग्नाआधीपासून मिठागरावर काम केलेली. बोलायला लागली की हातातलं काम थांबायचं नाही आणि तोंडही. तिने मला एका उधाणाची गोष्ट सांगितली होती. भरतीच्या पाण्याने मिठागराचा बांध फुटला. गडी चिखल आणायला धावले. तोवर पाणी अडवायला बायका त्या खिंडारात एकमेकींना चिकटून बसल्या.

‘आमी बसलू पान्याला पाठ देऊन,’ ती म्हणाली होती. ‘पानी बोललं नाय, आमी पन बोललू नाय. दोगांनी दम धरला. मंग पानीच दमलं.’

मी हे उतरवलं तेव्हा उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या. असं वाक्य लेखकाला सुचत नाही, ते कुणीतरी द्यावं लागतं.

पुस्तक पूर्ण झालं आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने घेतलं. काही महिन्यांनी प्रुफं आली. मी ती चाळायच्या आधीच पिशवीत टाकली आणि गावी गेले. मावशी अंगणात सुकट निवडत बसली होती, सून बाजूला कपडे वाळत घालत होती. मी वाचायला लागले.

‘आम्ही पाण्याकडे पाठ करून बांधावर बसलो. सर्वत्र नीरव शांतता पसरली होती. निसर्ग आणि मानव यांच्यातील तो एक मूक संघर्ष होता.’

मी थांबले. आवाज माझाच होता, पण शब्द माझे नव्हते, तिचे तर नव्हतेच.

‘ही कोन बाय?’ मावशीने विचारलं.

‘तुम्हीच, मावशी.’

‘मी? नाय गो. ही शिकलेली हाय. हिला बांधावर कोनी बसवली असती?’ ती हसली. सूनही हसली. मला हसू आलं नाही. मी तिथेच अंगणात पानं उलटत गेले. प्रत्येक ‘आमी’चं ‘आम्ही’ झालं होतं, प्रत्येक ‘नाय’चं ‘नाही’. आणि जिथे तिची वाक्यं आखूड होती तिथे कुणीतरी ती ओढून लांब केली होती.

घरी येऊन मी प्रकाशकांना फोन लावला.

‘ताई, रागावू नका,’ ते म्हणाले. ‘बोली वाचकाला जड जाते. नागपूरचा वाचक अडखळतो.’

‘अडखळू दे. ती बाई कमरेएवढ्या पाण्यात बसली, त्याला एका शब्दावर अडखळायला काय होतं?’

‘आणि खरं सांगू का, असं छापलं तर तिचाच अडाणीपणा दिसतो हो. आपण तिचा मान राखतोय.’

मान! जिचं तोंड बंद केलं तिचाच म्हणे मान राखला. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुणे गाठलं.

ज्यांनी हे केलं ते संपादक साठीचे, सौम्य गृहस्थ होते. चहा मागवला. ‘मी फक्त शुद्ध केलंय,’ ते म्हणाले.

‘काय अशुद्ध होतं?’

त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘म्हणजे... भाषा.’

‘तुमच्या आई घरात पुस्तकी बोलायच्या का?’

त्यांनी प्रुफं माझ्याकडे सरकवली. मी त्यांच्यासमोर बसून सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यासारखं केलं. प्रकाशक येऊन माझ्या मागे उभे राहिले. ‘तुमचं तसंच ठेवतो,’ ते म्हणाले. ‘शब्द दिला.’ शब्द देणं हा त्यांचा धंदाच आहे म्हणून मी विश्वास ठेवला.

प्रकाशन पनवेललाच ठेवलं, एका शाळेच्या सभागृहात. प्रमुख पाहुणे म्हणून प्रकाशकांनी गावोगावी भरावाचं कंत्राट घेणारा एक पुढारी बोलावला. मी म्हटलं, हा माणूस मिठागरं बुजवतो, याला कशाला? ‘हॉल त्यांनीच मिळवून दिला, ताई. समारंभात वाद नको.’ मावशीला आणि सुनेला मी रिक्षा पाठवून आणलं होतं. मावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

पाहुण्यांनी फीत सोडली, पुस्तक वर धरलं, टाळ्या झाल्या. मी माझी प्रत उघडली. त्या प्रकरणाचं पहिलं पान मी दुरुस्त केलेलं होतं. पुढचं सगळं जुनं. नीरव शांतता जशीच्या तशी पसरलेली.

मी शेजारी बसलेल्या प्रकाशकांकडे पुस्तक सरकवलं.

‘फाइल जुनी गेली असेल,’ ते ओठ न हलवता पुटपुटले. ‘पुढच्या आवृत्तीत बघू. आता हसा, फोटो काढतायत.’

माझं भाषण लिहून आणलेलं होतं. आभार, ऋणनिर्देश, सगळं. माइकपाशी गेल्यावर त्यातलं काहीच तोंडातून निघेना. मी म्हटलं, ‘या पुस्तकातलं एक प्रकरण खोटं छापलंय. ते मी लिहिलेलं नाही. ज्यांचं आहे त्या इथे बसल्यात. मावशी, तुम्ही सांगाल का?’

सभागृहात चुळबुळ झाली. मावशीने सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, नाही म्हणेल. पण ती उठली, सुनेचा हात धरून पायऱ्या चढली आणि माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलायला लागली. पहिल्याच ‘नाय’ला मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. ती थांबली नाही. उधाण सांगितलं, बांध सांगितला, कोण कुणाच्या शेजारी बसली होती ते सांगितलं. मग तिची गाडी भलत्याच रस्त्याला लागली.

‘तवा बांध पान्यानं फोरला, तर आमी बसलू. आथा मुरूम टाकून बुजवला, तवा कुठं बसायचं? आनी ज्यानं टाकला त्यो हितंच हार घालून बसलाय.’

तिने बोट दाखवलं नाही. गरज नव्हती. अख्खं सभागृह पाहुण्यांकडे पाहू लागलं. निवेदिका धावत आली आणि ‘धन्यवाद, आजी, धन्यवाद’ म्हणत माइक ओढू लागली. मावशीने सोडला नाही. ‘थांब गो, माजं झालं नाय,’ ती म्हणाली, आणि जे राहिलं होतं ते पूर्ण बोलूनच खाली उतरली. पाहुणे चहाला थांबले नाहीत.

याचे परिणाम झाले, आणि ते मला भोगावे लागले नाहीत, याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो. मावशीचा मुलगा त्या पुढाऱ्याच्या डंपरवर ड्रायव्हर होता. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, येऊ नको. मी त्यांच्या घरी गेले तर तो दारातच म्हणाला, ‘तुमचं पुस्तक झालं, माजं काम गेलं.’ मावशी आतून ओरडली, ‘तिला आत येऊ दे. बोललू मी, ती नाय.’ पुढे तो उरणच्या बंदरावर लागला, पण माझ्याशी बोलायला त्याला वर्ष लागलं.

प्रकाशकांनी ती आवृत्ती तशीच विकली. निदान शुद्धिपत्र चिकटवा म्हटलं, तर म्हणाले, पुस्तक विद्रूप दिसेल. परीक्षण छान आलं. ‘ओघवती, संस्कारित भाषा’ म्हणून खास कौतुक. मी ते वर्तमानपत्र फाडलं. पुढची तीन-चार वर्षं मी त्या माणसाच्या मागे लागून पुस्तकाचे हक्क परत मिळवले. ओळखीचे म्हणायचे, झालं गेलं विसरा, नवं काहीतरी लिहा. काही शब्द बदलले म्हणून एवढं? हो, एवढं. माझं काम शब्दांचंच आहे. सुताराने बनवलेल्या खुर्चीचा पाय कुणी बदलला तर तो गप्प बसेल का?

शेवटी अलिबागच्या एका छोट्या प्रकाशकाने ते जसं होतं तसं छापलं. मी प्रत घेऊन गावी गेले. तोवर मावशीला ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. तो आवाज ऐकून शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या. त्याही त्या बांधावर बसलेल्या.

‘तुजे डावीकडं ही नव्हती,’ दुसरीकडे बोट करून एक म्हणाली. ‘मी व्हती.’

‘तू तर मागाहून आलीस!’ मावशी भडकली.

‘मी मागाहून? पानी माजे गल्यापर्यंत व्हतं!’

तिघी एकदम बोलायला लागल्या. सून म्हणाली, आता हे जेवणापर्यंत चालणार. मी वाचणं थांबवलं आणि ओसरीच्या कडेला सरकून त्यांना जागा करून दिली.