इलिशचे काटे

माझी धाकटी बहीण एस्प्लनेडच्या डॉक्टरांकडून आकडीसाठी फिनोबार्बिटोनची गोळी घ्यायची. आकड्या थांबल्या, पण झोप अशी की हावड्याची सगळी इंजिनं एकदम शिट्ट्या मारोत, तिची पापणी हलायची नाही. डॉक्टर आता फेनिटॉइन देऊ म्हणत होते. त्याने इतकी झोप येत नाही, पण हिरड्या सुजू शकतात. "तसल्या हिरड्यांची मुलगी कोण करून घेईल?" म्हणून आईने घरूनच नकार पाठवला होता.

दवाखान्यात शेजारी एक बंगाली गृहस्थ बसले होते. धोतराचा सोगा एवढा लांब, की त्यात अडखळून दोन रोगी नव्याने आजारी पडले. मी त्यांना हिंदीत आमची अडचण सांगितली. त्यांनी बहिणीकडे वळून सरळ आपला जबडाच उघडला. हिरड्या दातांवर अर्ध्यापर्यंत चढलेल्या.

"बघ मा, पोरी, ही नव्या गोळीची करणी. जुनीवर होतो तेव्हा डुलकीत काटा गिळीन म्हणून बायको मला इलिश मासा निवडून भरवायची. आता रूप गेलं, पण काटे माझे मी काढतो."

आणि तोंडावर हात न धरता ते खदखदून हसले.

आत गेल्यावर मी बोलायच्या आधीच बहीण डॉक्टरांना म्हणाली, "नवी द्या."

आज तिच्या हिरड्या थोड्या दातांवर आल्या आहेत. पूर्वी माझ्या थापा ऐकताना ती निम्म्यात घोरायची; आता पहिल्याच वाक्याला पकडते. त्या गृहस्थांनी माझं फार नुकसान केलं.