शेपटीखालचा आकडा

आमच्या चौकात चबुतऱ्यावर एक जुनं लढाऊ विमान आहे. युद्धात ते विमानवाहू बोटीवरून उडायचं. परतताना शेपटीखालचा लोखंडी आकडा डेकवरच्या तारेत अडकला तरच थांबायचं. नाहीतर पुढे समुद्र. तो आकडा तपासायचं काम माझं होतं.

काल त्याच आकड्याला कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधत होते. माझं डोकंच फिरलं. "काढा आधी तो!"

बांधणारा हसला. "काका, चिडता कशाला? हुक टांगायलाच असतो ना?"

रिकामी खुंटी दिसली की काहीतरी टांगल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. अशाच दुसऱ्या एका विमानाचा आकडा एकदा तारेत अडकला नाही. त्या वैमानिकाचा वाढदिवस कुठल्या चौकात टांगायचा?