सोमाजीभाऊंचा पिंगळा

कपाटातला पक्षी हातात घेतला, की सोमाजीभाऊ आधी पक्ष्याकडे बघतच नसत. त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी वाचत: पक्षी कुठे, कधी आणि कोणाला सापडला. साकोलीच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण दहावी, पण कापूस भरलेल्या साऱ्या पक्ष्यांची शास्त्रीय नावं तोंडपाठ. लॅटिनला झाडीपट्टीचा हेल चढायचा, पोरं हसायची, भाऊंना त्याचं काही नव्हतं.

“नाव तं शास्त्रज्ञ बदलवतच रायते, सर,” ते मला सांगायचे. “जागा कोणाले बदलवता येत नाई. चिठ्ठी गेली का पक्षी म्हंजे निस्ता पिसायचा गोळा.” मी नवा, अजून नोकरीत कायम न झालेला प्राध्यापक. मान डोलवायचो आणि विसरायचो.

जंगली पिंगळ्याचे, म्हणजे रानातल्या छोट्या घुबडाचे, दोन नमुने आमच्याकडे होते. एक कधीकाळी केरळातून आलेला. दुसरा भाऊंना तरुणपणी नागझिऱ्याच्या जंगलाच्या वाटेवर मेलेला सापडला होता. वनखात्याच्या परवानगीने तो कॉलेजात आला आणि त्याच्या चिठ्ठीवर भाऊंचं नाव चढलं. घरी पाहुणे आले, की भाऊ त्यांना ती चिठ्ठी दाखवायला घेऊन यायचे.

केरळकडचा पिंगळा जास्त तांबूस असतो. काही अभ्यासक त्याला वेगळी जातच मानतात. त्याच वादासाठी पुण्याच्या एक संशोधक बाई नमुने तपासायला येणार होत्या. आदल्या दिवशी मी फोटोसाठी दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या, परत बांधल्या आणि घरी जाताना अर्ध्या वाटेत शंका आली. कोणती कोणाला बांधली? आठवेना.

सकाळी बाईंनी नागझिऱ्याची चिठ्ठी असलेला पिंगळा खिडकीपाशी धरला. “हा बराच तांबूस आहे. इकडे असा? सर, हे आपण दोघांनी छापायला हवं.”

माझे कान तापले. बोललो तर अब्रू जाणार, गप्प राहिलो तर कदाचित खोटं छापलं जाणार. मी गप्प राहिलो. भाऊंनी चिठ्ठीच्या दोऱ्याची नवी गाठ निरखली, मग माझं तोंड.

“छापू नका, बाई,” ते म्हणाले. “काल साफसफाईत माह्या हातून चिठ्ठ्या सुटल्या. अदलाबदल झाली असंन.”

“रंगावरून लावू की परत,” बाई म्हणाल्या.

“रंग पाहून चिठ्ठी बांधाची, अन् चिठ्ठी पाहून रंग सांगाचा? मंग कायचं शास्त्र?” त्यांनी पेन घेतला, दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘जागा नक्की नाही’ असं लिहिलं आणि स्वतःच्या नावावर रेघ मारली.

बाई गेल्यावर मी विचारलं, “भाऊ, तुम्ही कशाला अंगावर घेतलं?”

“तुमाले कायम व्हाचं हाय. मले काय, पुढच्या साली घरीच जाचं हाय.”

मी कायम झालो. भाऊ निवृत्त झाले आणि मागच्या वर्षी गेले. तेरवीनंतर त्यांची मुलगी कॉलेजात आली. बाबांचा पक्षी तिला बघायचा होता. मी दोन्ही पिंगळे टेबलावर ठेवले.

“यातला बाबाचा कोणता जी?”

ते आता कळायला काही मार्गच नव्हता. चिठ्ठ्या मी सोडल्या होत्या, बाबांनी नव्हे, एवढं मी सांगितलं. मोबाइल काढून तिने दोघांचेही फोटो घेतले आणि गेली.