हैदराबादची रंगीत तालीम

"ते समदं ऱ्हाऊ द्या. लेकरू मुतायला कुठं जाईल, ते सांगा आधी."

पुणे असो, हैदराबाद असो, लहान लेकरं घेऊन कुठं जायचा विषय निघाला की काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. तुम्ही लॉज सांगा, बागा सांगा, मोबाइलवर फोटो दाखवा, ते फोटोकडं बघायचेच नाहीत. दहा रुपयांच्या तिकिटाला कुणी पाचशेची नोट पुढं करावी आणि कंडक्टरनं ती झटकावी, तसा डावा हात हवेत झटकायचे आणि हा प्रश्न टाकायचे.

काका एसटीत कंडक्टरच होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पंचाहत्तरी ओलांडली होती. लातूरला आमच्या गल्लीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. बायको वारलेली, मुलगा पुण्याला कंपनीत. गल्लीतल्या कुणालाही लांब जायचं असलं की आधी काकांच्या ओसरीवर जायचं, असा रिवाजच पडला होता. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. असला तर त्याच्यापासून जपून राहा, असं मी त्या वर्षी कुणालाही सांगितलं असतं.

मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. वडील मुखेडकडं दुसऱ्याच्या शेतात राबले. मी एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. पगार मोठा नाही, पण स्वतःच्या शिक्षणावर मिळवलेला आहे. काकांना याचं कौतुक होतं, की ते चिडवायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हाक मारायचे ती अशी: "काय ग्रॅज्युएट, काय करायलाव?"

विषय सुरू झाला पोरीमुळं. ती पहिलीत. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर बाईंनी वर्गात विचारलं, कोण कुठं गेलं होतं? कुणी महाबळेश्वर म्हणालं, कुणी गोवा. आम्ही गेलो होतो मुखेडला, आजीकडं. आमच्या पोरीनं सांगितलं, "आम्ही हैदराबादला गेलो. मी पांढरा वाघ बघितला. त्यानं माझ्याकडं बघितलं."

मला हे कळलं ते शाळेच्या गेटवर. बाई हसून म्हणाल्या, "हैदराबादला किती दिवस होतात तुम्ही?"

आणि मी, शिकलासवरला माणूस, म्हणालो, "दोन."

घरी येऊन बायकोला सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत हैदराबाद. काहीही होवो. पोरीला रागवायचं कुठल्या तोंडानं? आता ती थाप खरी करणं एवढंच हातात होतं. त्या महिन्यात भिशीचा नंबर लागला होता. बारा हजार. त्यात चौघांचं जाणं, येणं, दोन मुक्काम, खाणं आणि वाघ.

काकांना मी सगळं खरं सांगितलं, थापेसकट. ते हसले नाहीत. कॅलेंडरचं जुनं पान काढलं, पालथं घातलं आणि पेन्सिलनं आखायला लागले.

"तुमचं फुल. सूनबाईचं अर्धं, पण हद्दीपोतर. उदगीर सोडलं की राज्याची हद्द आली, पुढं बाईला सवलत न्हाई. पोरीचं अर्धं. बारक्याचं काईच न्हाई, पण मांडीवर बसवायचं, सीट धरायचं न्हाई." मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "आन तालीम झाल्याबगर जायचं न्हाई."

"कसली तालीम?"

"लेकरांची. नाटकाला तालीम लागती, लगनाच्या बँडला लागती. तुमी दोन लेकरं घेऊन परमुलखात चाललाव, अन् तालीम नगं?"

पहिली तालीम त्यांच्या ओसरीवरच्या बाकड्यावर झाली. उदगीर यायला लागतो तेवढा वेळ लेकरं एका जागी बसतात का, ते बघायचं होतं. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा. तो अकराव्या मिनिटाला उतरला आणि गल्लीत पळाला.

"नापास," काका म्हणाले.

दुसरी तालीम गंजगोलाईत, बाजाराच्या दिवशी. गर्दीत लेकरं हात सोडतात का? पोरीनं बांगड्यांच्या दुकानापुढं हात सोडला. सोडला आणि लगेच धरलाही. काका मागून चालत होते, त्यांनी बघितलं.

"नापास."

मी आयुष्यात कधी नापास झालेलो नाही. बारावी झालो, बीए झालो, मराठी टायपिंग पहिल्या फटक्यात पास झालो. आणि हा माणूस मला भर बाजारात नापास करत होता, तेही लेकरांच्या पेपरात. बायको म्हणाली, "तुम्ही कशाला ऐकता त्यांचं? जाऊ की सरळ." पण ऐकत होतो. बारा हजार एकदाच हातात आले होते. परक्या गावात चूक झाली तर परत कधी जमणार, ही धास्ती मलाही होतीच.

तिसरी तालीम नांदेडची. मोठी. सकाळी पहिल्या गाडीनं जायचं, शहर फिरायचं, संध्याकाळी परत. सगळं हैदराबादसारखं करायचं. काका स्वतः सोबत आले. त्यांना आता तिकीट लागत नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, खांद्याला पाण्याची बाटली. स्टँडवर आमच्याआधी येऊन उभे होते.

"बारक्याला दूध दिलं न्हाई ना?"

"नाही काका," बायको म्हणाली.

लोहा यायच्या आत बारक्यानं ते दूध माझ्या पँटवर काढलं. काकांनी पिशवीतून लिंबू काढून बायकोच्या हातात दिलं. "नापास" म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नांदेडला गुरुद्वारा बघितला. लेकरं पायऱ्यांवर हरखून गेली, बारका संगमरवरावर घसरत राहिला. बारा वाजले, पोटात कावळे. समोर लंगर. माणसं आत जात होती, पंगतीत बसत होती, कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी म्हटलं, "चला काका, इथंच जेवू."

"न्हाई."

"का?"

"हैदराबादेत लंगर कुठून आनायचं? तालीम हाय ना. मग तालमीसारखं करायचं."

आणि आम्ही गरम डाळ-रोटीचा वास मागं सोडून, उन्हातून चालत स्टँडवर आलो आणि बाकड्यावर बसून घरची दशमी-चटणी खाल्ली. बायको माझ्याकडं बघत नव्हती. मी काकांकडं बघत नव्हतो. काका मात्र खुशीत होते. दशमी खाता खाता पोरीला सांगत होते, कुठल्या फलाटाला कुठली गाडी लागते, देगलूरची कुठं, बिलोलीची कुठं. पोरगी त्यांना सारखी विचारत होती, "आणि हैदराबादची?"

परत येताना दोन्ही लेकरं झोपली. मला वाटलं, चला, आता तरी पास.

काका उतरल्यावर म्हणाले, "अजून एक करू. उदगीरची."

दिवाळी दहा दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो, लॉजचं नक्की करायचं होतं. कॅलेंडरचं पान पुढ्यात होतं. त्यावर हैदराबादचा स्टँड इतका बारीक काढला होता की स्टँडमास्तरनंही काढला नसता. कुठल्या फलाटामागं मुतारी, कुठली स्वच्छ, नळाला पाणी किती वाजेपर्यंत, इडली कुठं मिळते, बाईमाणसानं कुठल्या दारानं बाहेर पडावं.

मी विचारलं, "काका, चारमिनारवर लहान लेकरांना चढू देतात का?"

"तितं गेल्यावर विचारा."

"तुम्हीच सांगा की. एवढी वर्षं हैदराबादची ड्यूटी केलीत."

त्यांनी पेन्सिलचं टोक अंगठ्यानं चाचपलं. "चारमिनारला म्या गेलो न्हाई."

"बरं, मग प्राणिसंग्रहालय स्टँडपासून किती लांब पडतं?"

"ते बी न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग पान बघितलं आणि कळलं. स्टँडच्या दाराशी पेन्सिल थांबली होती. दाराबाहेर कागद कोरा होता.

"मुक्कामी गाडी असायची," काका म्हणाले. "संध्याकाळी पोचायची, सकाळी उठून परत. पैसे भरायचे, आंघुळ करायची, गाडीला लागायचं. भायेर जाऊन काय करता? अन् दिवाळी, उन्हाळा तर जादा गाड्या. सुट्टी देतंय कोन?"

"पोरांना, काकूंना कधी नेलं नाही?"

"लेकरं लई नेली. दुसऱ्याची."

आज ही ओळ लिहिताना माझा हात थांबतो. त्या दिवशी मी थांबलो नाही. माझ्या डोक्यात ते बाकडं होतं, गंजगोलाई होती, माझी पँट होती, सोडून आलेली पंगत होती. मी म्हणालो, "मग आम्हाला कसल्या तालमी देत होता काका? शहर न बघताच आम्हाला नापास करत होता? आमच्या पोरीनं थाप मारली ती एकदाच. तुम्ही सगळ्या गल्लीला मारत आलात."

काकांनी मान हलवली. "हाव. खरं हाय."

त्यांनी पानाच्या चार घड्या घातल्या आणि ते माझ्या हातात दिलं. "घ्या. मुतारीचं खरं हाय त्यात. तेवढं पाठ हाय."

आम्ही गेलो. आणि तुम्हाला खरं सांगतो, स्टँडच्या आत ज्या गोष्टी त्यांनी लिहिल्या होत्या त्या सगळ्या तशाच निघाल्या. बारका "शू" म्हणाला तेव्हा मी बघता बघता त्याला घेऊन गेलो, आणि बाकीचे बाप लेकरं काखेत धरून फलाटभर पळत होते. स्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि आमची शोभा सुरू झाली. रिक्षावाल्यानं एकाच पुलावरून दोनदा नेलं. लॉजवाल्यानं लेकरांचे वेगळे पैसे मागितले, मी भांडलो, तो तेलुगूत हसला. बायको म्हणाली, "ग्रॅज्युएट झालात, बोला की इंग्रजीत." बोललो. त्यानं इंग्रजीत तेवढेच पैसे मागितले.

वाघ सापडला दुसऱ्या दिवशी, भर उन्हात. पांढराच होता. आमच्याकडं पाठ करून झोपला होता. बारका माझ्या खांद्यावर लाळ गाळत होता. पोरगी जाळीला धरून उभी राहिली. अर्धा तास गेला. बायको म्हणाली, "चल गं, उन्हाचं." पोरगी हलेना.

"पप्पा, तो बघत का नाही? मी बाईंना सांगितलंय, त्यानं बघितलं म्हणून."

मला त्या वाघाचा इतका राग आला, की काय सांगू. शेवटी त्यानं एक कान हलवला. पोरगी म्हणाली, "ऐकलं त्यानं," आणि जाळी सोडली. तेवढ्यावर तिनं भागवलं.

संध्याकाळी चारमिनारला गेलो. लेकरांना चढू देतात. जिना अरुंद, अंधारा, गोल. पोरगी पायऱ्या मोजत होती आणि मध्येच चुकून परत एकपासून सुरू करत होती. वर पोचलो, खाली सगळा बाजार पसरलेला. तिथं माझ्या लक्षात आलं, ते आधी यायला पाहिजे होतं. तीनही तालमींना तो माणूस आमच्यासोबत होता. नांदेडला जाताना इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आमच्यासाठी ती तालीम होती. आणि "काका, तुम्हीही चला हैदराबादला" हे वाक्य आमच्या घरात कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. चौघांचा खर्च कसा कमी करायचा, ते रात्रंदिवस चालू होतं. पाचव्याचा विषयच नव्हता.

परत आल्यावर बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्याकडं गेलो. पोरगी त्यांच्या शेजारी बसून तासभर बोलत होती. काका मध्येमध्ये विचारत होते, जिन्यात उजेड होता का, वर वारं लागतं का, बाजार कोणत्या अंगाला दिसतो. माझ्याशी नीट बोलले. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. बिस्किटं देऊन आलो.

जानेवारीत त्यांचा मुलगा आला. एकट्यानं राहणं बरं नाही म्हणाला, आणि तेही बरोबरच होतं. घराला कुलूप लागलं. मुलाला त्यांना ट्रॅव्हल्सनं पुण्याला न्यायचं होतं, काका म्हणाले लाल गाडीनंच. आम्ही चौघं स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत बसताना मी म्हटलं, "काका, पुढच्या दिवाळीला चला आमच्यासोबत. हैदराबादला."

"आता?" ते हसले. "त्या जिन्याला गुडगे कुठून आनू?"

ते खिडकीला बसले. मुलगा शेजारी, फोनवर. गाडी हलली तशी लेकरं पळत पळत खिडकीखाली गेली आणि "काका, काका" ओरडत हात हलवायला लागली. काकांची मान आत वळलेली होती. मागच्या सीटपर्यंत एकेक माणूस मोजत होते, ओठ हलत होते. गाडी स्टँडच्या दाराबाहेर वळली, तरी त्यांनी बाहेर बघितलं नाही.