क्रेनवाल्या काकांची अडलेली वाट

क्रेनवाले काका सव्वीस वर्षं उंचावरच्या केबिनमध्ये एकटे बसत आले. उतरायचं म्हणजे दोनशे पायऱ्यांची शिडी, म्हणून पाणी बेतानं प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, ही त्यांची रीत. बायको गेल्यावर घरीही बोलायला कुणी उरलं नाही. परगावच्या मुलीचा संध्याकाळी फोन येई, तेवढाच काय तो आवाज.

एके दिवशी काकांनी सर्दीच्या दोन गोळ्या दुकानातून परस्परच आणून घेतल्या. दुपारी उतरून मुतारीत उभे राहिले, तर थेंब येईना. ओटीपोट टम्म फुगलं, कळा सहन होईनात. दवाखान्यात नळी घातल्यावर जवळजवळ लीटरभर लघवी निघाली, आणि हा रांगडा गडी सुटल्यासारखा रडला.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "काका, वयानं प्रोस्टेटची गाठ वाढलीय, ती लघवीची वाट दाबते. सर्दीच्या गोळीनं वाट आणखी आवळली. चार दिवस नळी राहू दे, गोळ्या देते. मग काढून बघू. लघवी आपसूक झाली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन."

"आणि शिडी?"

"नळी असेपर्यंत शिडीचं नाव काढायचं नाही."

काकांना एकच प्रश्न पडला. वर जाता आलं नाही तर जायचं कुठं?

मुलीला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मांडीला पिशवी बांधलेली, आणि फोनवर म्हणे, मजेत आहे. असलं दुखणं मुलीला कसं सांगायचं, हा त्यांचा हेका. काय म्हणावं या माणसाला!

चौथ्या दिवशी नळी निघाली. नर्सनं लघवी मोजायचं भांडं दिलं. "बरोबर कोण आलंय?"

"कशाला हवंय कुणी?"

पाणी पीत ते बाकावर बसले. दोनदा आत जाऊन कोरडेच परतले. तिसऱ्यांदा धार लागली. सोनोग्राफीत पाहिलं तर आत फारशी लघवी उरली नव्हती. "आता दाबून धरू नका, आणि विचारल्याशिवाय सर्दीची गोळी नको," नर्स म्हणाली.

काका इतके खुशीत होते की भरदुपारी त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, आत्ता? काय झालं?"

सांगायचं तर मागचे चारही दिवस सांगावे लागले असते.

"काही नाही गं. जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

संध्याकाळी बोलू, म्हणत काकांनी फोन ठेवला.