मोठ्यानं केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत माझी प्रार्थना गाजलेली होती. दर गुरुवारी बदलापुरात कुणाच्या ना कुणाच्या घरी आम्ही जमायचो आणि शेवटची लांबलचक प्रार्थना माझ्याकडे असायची. कुणाचं दुखणं, कुणाची कोर्टकचेरी, कुणाच्या पोराचा निकाल, सगळं मी नावानिशी देवापुढे मांडायचे. देवाला काय ते माहीत नसतं? पण ऐकणाऱ्यांना बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मला जास्त.

बदलापुरातच, नदीजवळच्या मांजर्लीत आमची खोली तळमजल्यावर आणि माझी मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "पोरीला आकडी येते गं. गोळ्या चालू आहेत, वर्षभरात एकदाही आली नाही. मुलाकडच्यांना येत्या रविवारी आम्हीच सांगणार आहोत, समोर बसवून. तोवर तुझ्याजवळच ठेव."

त्या गुरुवारी मुलाची आई प्रार्थनेला आली होती. मी स्वतः तिला 'जय ख्रिस्त' म्हणून बसायला जागा करून दिली. मग डोळे मिटले, मैत्रिणीच्या लेकीचं नाव घेतलं आणि जीभ सुटली. "प्रभू, आमच्या या लेकीची आकडी मुळापासून काढून टाक." खोली एकदम गप्प झाली. डोळे उघडायची हिंमत होईना, म्हणून मी आणखी दहा मिनिटं प्रार्थना करत राहिले.

लग्न मोडलं. आकडीपेक्षा लपवल्याचा राग त्यांना जास्त आला. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "प्रभूनं क्षमा केली, तुम्ही येत जा." प्रभूचं ठीक आहे, तो तिसऱ्या मजल्यावर राहत नाही.

पुढची दोन वर्षं, कामाची वेळ सोडली तर, मी स्वतःला घरातच कोंडून घेतलं. जिना एकच, तोही आमच्या दारासमोरून. तिच्या चपलांचा आवाज मला पाठ झाला. तो रस्त्याला लागेपर्यंत मी आत कडीवर हात ठेवून उभी. कारखाना सोडून अंबरनाथला पॅकिंगच्या कामाला लागले. रविवारी नवरा एकटाच चर्चला जायचा. खोली विकून जावं, तर पुराच्या पाण्यातला तळमजला घेणार कोण? एकटी प्रार्थनेला बसले तरी तोंडातून तोच गुरुवारचा सूर निघायचा आणि स्वतःच्याच आवाजाची किळस यायची. माणसांकडे जाता येईना आणि देवाकडेही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी नदीचं पाणी इमारतीत शिरलं. नवरा ड्युटीवर होता. शेजारणींनी मला ओढतच वर नेलं. दार मैत्रिणीनंच उघडलं. "ये," एवढंच म्हणाली. तिच्या लेकीनं सगळ्यांना चहा दिला, मलाही. "मावशी, घ्या." खाली पाणी आणि समोर त्या दोघी, पळायला जागाच नव्हती.

दुपारपर्यंत पाणी वाढतच राहिलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, "तुमी तं चांगली प्रार्थना करता म्हनं. सांगा ना तुमच्या देवाला." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. तेव्हा चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी मैत्रीण हात जोडून म्हणाली, "देवा, पाणी उतरू दे. ह्या सगळ्यांना सांभाळ. हिलाही." झालं, संपली प्रार्थना. माझ्या सगळ्या लांबलचक गुरुवारांची मला त्या क्षणी लाज वाटली.

पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी मी घरातला चिखल काढत होते. ती खराटा घेऊन खाली आली आणि हात चालवायला लागली. मी माफी मागायला गेले, तर म्हणाली, "दोन वर्षं तुझ्या दारावरून जातेय. एकदा तरी उघडायचंस."

"भीती वाटायची गं."

"राग तर आहेच. जाणार पण नाही एवढ्यात." मग खराटा भिंतीला टेकवून हळूच म्हणाली, "छातीत गाठ लागतेय. बुधवारी अंबरनाथला दाखवायचंय. पोरीला आत्ताच कळायला नको. तू येशील बरोबर?"

"मला सांगतेस?"

"मग कुणाला सांगू? दुसरी आहे कोण? ये, आणि प्रार्थना कर."

मी चिखलातच बसले आणि रडले. ती खराटा उचलून वर गेली.

संध्याकाळी नवरा आला. अर्धी फरशी साफ झालेली बघून त्यानं विचारलं, "ती आली होती? काय म्हणाली?"

गाठीची गोष्ट जिभेच्या टोकापर्यंत आली होती. सवयच तशी. "चिखल फार झालाय म्हणाली," मी सांगितलं, आणि मोरीत फडकं पिळता पिळता, ओठ न हलवता, तिचं नाव देवापुढे ठेवलं.